उदास मन आणि शाकाहारी ताट

शाकाहारी लोकांना नैराश्य जास्त येतं, अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी मोबाइलवर फिरते. थोड्या दिवसांनी नेमकी उलटी बातमी येते: शाकाहाराने मन शांत राहतं, चिंता कमी होते. पहिली बातमी सावजीप्रेमी मित्र शाकाहारी मित्राला पाठवतो, दुसरी घरच्या ग्रुपवर ‘सात्त्विक आहाराचे फायदे’ म्हणून येते. दोन्हींच्या मागे खरेखुरे अभ्यास असतात, आणि म्हणूनच वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

नागपूरसारख्या शहरात हा गोंधळ नुसता वादापुरता राहत नाही. इथे पिढ्यानपिढ्या अंडंही घरात न आणणारी कुटुंबं आहेत आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून रविवारी रश्श्याशिवाय न जेवणारीही आहेत. नैराश्य दोन्ही घरांत आहे. पण शाकाहारी घरातल्या कुणाला महिनोन्‌महिने थकवा असतो, कशात मन लागत नाही, चिडचिड होते, तेव्हा त्यामागे ताटातली एखादी उणीव असू शकते. ती रक्ताच्या साध्या तपासणीत सापडते आणि स्वस्तात भरून निघते. तरीही ती अनेकदा कुणी शोधतच नाही. हे मला फार खटकतं, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

आधी नैराश्य म्हणजे काय ते स्पष्ट करू. परीक्षेचा निकाल वाईट लागला म्हणून चार दिवस जेवण गेलं नाही, ते नैराश्य नव्हे. दिवसाचा बराचसा वेळ, जवळपास रोज, निदान दोन आठवडे मन उदास राहणं किंवा आवडत्या गोष्टींतला रस संपणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांत बिघाड, स्वतःविषयी नालायकीची किंवा अपराधीपणाची भावना, मरणाचे विचार, असं चित्र दिसलं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आपल्याकडे माणसं ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाहीत. ‘अंगात जीवच नाही’, ‘डोकं जड राहते’, ‘काही करावंसंच वाटत नाही’ असं म्हणतात. बी-१२ हे जीवनसत्त्व किंवा लोह कमी झालेला माणूसही अगदी हेच म्हणतो. खरी अडचण इथे आहे.

अभ्यास काय सांगतात

जर्मनीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाकाहारी लोकांमध्ये नैराश्य आणि चिंतेचे आजार जास्त आढळले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात, ज्यांच्या पत्नी किंवा जोडीदार गरोदर होत्या अशा साडेनऊ हजारांवर पुरुषांची माहिती तपासली गेली. त्यातल्या ३५० शाकाहारी पुरुषांमध्ये नैराश्याची लक्षणं बाकीच्यांपेक्षा अधिक होती. हा अभ्यास २०१८ चा. ब्राझीलमध्ये १४ हजारांवर लोकांच्या पाहणीत मांस न खाणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत शाकाहाराची परंपरा असलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा अभ्यास झाला तेव्हा शाकाहारी मंडळींचं मन अधिक ताळ्यावर दिसलं. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय आणि इतर दक्षिण आशियाई मध्यमवयीन व ज्येष्ठ लोकांचा. २०२१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत जवळपास ९०० लोक होते, आणि त्यांच्यातल्या शाकाहाऱ्यांमध्ये नैराश्याची शक्यता चाळीसेक टक्क्यांनी कमी आढळली.

इतकी उलटसुलट उत्तरं कशी येतात? याचं एक कारण मला फार पटतं. बर्लिनमध्ये किंवा ब्रिस्टलमध्ये शाकाहारी असणं म्हणजे आसपासच्या सगळ्यांपेक्षा वेगळं वागणं. तो माणूस बहुधा मोठेपणी, विचार करून मांस सोडतो. प्राण्यांच्या दुःखाने तो अस्वस्थ झालेला असतो, किंवा तब्येत बिघडली म्हणून त्याने आहार बदललेला असतो. घरच्या जेवणाच्या टेबलावर तो एकटा पडतो. जर्मनीच्या अभ्यासकांनी मानसिक त्रास कधी सुरू झाला आणि शाकाहार कधी सुरू झाला हे तपासलं, तर अनेकांच्या बाबतीत त्रास आधीचा आणि शाकाहार नंतरचा निघाला. नागपुरात एप्रिलमध्ये घरोघरी कूलर निघतात आणि मे महिन्यात ऊन पंचेचाळिशी गाठतं, म्हणून कूलरमुळे ऊन वाढलं असं कुणी म्हणत नाही. अभ्यासांच्या बातम्या वाचताना मात्र आपण नेमकं तसंच करतो.

आपल्याकडचा शाकाहारी माणूस वेगळा. तो जन्मापासूनच तसा आहे, त्याचं घर, नातेवाईक, देवघर, सणावाराचा स्वयंपाक सगळं त्याच्याशी जुळलेलं आहे. महालक्ष्मीच्या जेवणात त्याला कुणी ‘तू वेगळं खातोस का?’ असं विचारत नाही. शाकाहारामुळे तो एकटा पडत नाही, उलट तो आपल्या माणसांतलाच राहतो. अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये निष्कर्ष उलटा आला, त्यात या आपलेपणाचाही वाटा असावा असं माझं मत आहे. म्हणून युरोपातला आकडा उचलून इथल्या आजीला घाबरवण्यात अर्थ नाही.

पण म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. कारण आपलेपणाने मन सांभाळलं जातं, बी-१२ मिळत नाही.

बी-१२: खरी गोष्ट इथे आहे

हे जीवनसत्त्व कुठलीच वनस्पती तयार करत नाही. ते फक्त सूक्ष्म जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते करतात आणि तिथून ते दुधात, मांसात उतरतं. माशांत आणि अंड्यांतही ते असतं. पालक, मेथी, डाळ, बदाम, सफरचंद यांतून ते मिळत नाही. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यातून किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून मिळतं असं सांगितलं जातं, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं, त्यासारखं दिसणारं रसायन असतं. म्हणजे शाकाहारी माणसासाठी बी-१२ चा भरवशाचा स्रोत एकच: दूध आणि त्याचे पदार्थ. जो दूधही घेत नाही त्याला गोळीशिवाय किंवा बी-१२ मिसळलेल्या अन्नाशिवाय मार्ग नाही.

मेंदूशी याचा संबंध दोन वाटांनी येतो. मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असतं, त्यामुळे संदेश वेगाने जातात. ते आवरण टिकवायला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, अंधारात चालताना तोल जातो, विसराळूपणा वाढतो. दुसरी वाट रसायनांची. शरीरात होमोसिस्टिन नावाचा एक पदार्थ सतत तयार होत असतो. बी-१२ आणि फोलेट हे दुसरं ‘बी’ जीवनसत्त्व मिळून त्याचं उपयोगी पदार्थात रूपांतर करतात, आणि त्या साखळीतून पुढे जे बनतं ते सेरोटोनिन, डोपामिन यांसारखी मनःस्थितीशी जोडलेली रसायनं तयार करायच्या कामी येतं. बी-१२ नसलं की ही साखळी अडते, होमोसिस्टिन साचतं, आणि माणूस चिडका, सुस्त, उदास होतो. कधी कधी भ्रम होण्यापर्यंत मजल जाते. हे सगळं रक्त कमी न होताही घडू शकतं. हिमोग्लोबिन बारा आहे म्हणून बी-१२ ठीकच असेल, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याला फारसा माहीत नसतो. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला आल्या. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया सुधारतात हे त्यांनी दाखवलं, आणि त्यातूनच पुढे फोलेटचा शोध लागला. मग १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांच्याच गटाने २००६ साली ग्रामीण आणि शहरी पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात जवळपास दोन-तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यात जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती: दर पाचांत चार. खाऊनपिऊन सुखी म्हणतो तो हा वर्ग. धरमपेठ, लक्ष्मीनगर, मनीषनगरमधली घरं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा कुणाविषयी आहे ते कळेल.

‘पण आम्ही तर दूध घेतो की!’ हे उत्तर हमखास येतं. जरा हिशेब करू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण सव्वादोन मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. एक मोठा ग्लास दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, वाटीभर दह्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे दोन ग्लास दूध आणि वाटीभर दही रोज घेतलं तर गरज भागते. आता आपल्या घरात नेमकं काय होतं ते बघा. दूध येतं, ते मुलांच्या कपात जातं, उरलेलं चहात. चहाच्या एका कपात पाव वाटीही दूध नसतं. ताक पातळ, दह्याचा वाटा सगळ्यांच्या पानात चमचाभर. घरातली बाई शेवटी जेवते, तोवर दही संपलेलं असतं. कागदावर ते घर ‘दूध घेणारं शाकाहारी’, आणि त्या बाईच्या शरीरात दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅमही जात नाही. तिला कुणी विचारलं तर ती सांगेल, ‘काही नाही बाई, वयानुसार थकवा येतोच.’

बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे कमतरता हळूहळू येते, इतकी हळू की माणूस तिला स्वतःचा स्वभावच समजू लागतो. ‘मी आधीपासूनच अशी चिडकी आहे’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणींची कधी तपासणीच झालेली नसते. ज्यांच्या आईचा साठाच कमी होता, ते जन्मतःच कमी शिदोरी घेऊन येतात. शाकाहारी आणि बी-१२ कमी असलेल्या आईच्या दुधावरच वाढणारी काही बाळं सहा महिन्यांनंतर सुस्त होतात, हसायची थांबतात, शिकलेलं विसरतात, त्यांना थरथर सुटते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना हा आजार ओळखीचा आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी स्त्रीची बी-१२ तपासणी झालीच पाहिजे, असं मी आग्रहाने सांगेन.

आणखी दोन गट जपायला हवेत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, आणि ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोल-ओमेप्रॅझोलसारखी गोळी रोज उपाशीपोटी घेणारे. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ आतड्यात नीट शोषलं जात नाही, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, ते या गोळ्या कमी करतात. साठीच्या पुढे तसंही शोषण मंदावतं. शाकाहारी, मधुमेही, ॲसिडिटीची गोळी चालू आणि वय पासष्ट, असे काका आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. ते हल्ली गप्प गप्प असतात, बागेत जायचं सोडलंय, नावं विसरतात. घरचे म्हणतात निवृत्तीनंतर असं होतंच. होत असेलही. पण आधी रक्त तपासा.

लोह, जवस आणि बाकी

लोह कमी असलं तरी मन खचतं, कारण मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन बनवायला लोह लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात मांसाहारी घरंही आली. भाज्या-धान्यांतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर ते आणखीच कमी, निम्म्याहून कमी, शोषलं जातं. उलट ‘क’ जीवनसत्त्व जोडीला असलं की शोषण चांगलं वाढतं. इथे नागपूरकरांची चंगळ आहे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. जेवणाच्या शेवटी एक संत्रं खाणं ही लोहासाठी फार चांगली सवय आहे. उन्हाळ्यात संत्री नसतात तेव्हा वरणावर लिंबू पिळा, किंवा आवळा खा. चहा तासभर उशिरा घ्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठाही, तपासून घ्यावं, कारण हिमोग्लोबिन घसरायच्या बरंच आधी साठा रिकामा होतो.

प्रथिनांबद्दल शहरात हल्ली फार धास्ती आहे. आपल्या वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम इतकी गरज असते, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात. विदर्भाच्या स्वयंपाकात डाळीचं राज्य आहे: गोळाभात, पाटवडीचा रस्सा, झुणका, वडाभात, तर्री-पोह्यांवरचे हरभरे. हे सगळं नीट खाल्लं तर प्रथिनं पुरतात. कमी पडतात ती मेसच्या डब्यात. गोंदिया, भंडारा, यवतमाळकडून शिकायला आलेली पोरं खोली करून राहतात. त्यांच्या डब्यातलं वरण पाण्यासारखं, भाजी तेलकट, पोळ्या चार. रात्री अभ्यास, दिवसभर चहा-बिस्किटं, घरापासून दूर, परीक्षेचा ताण. अशा मुलाचं मन ढासळलं तर त्याचं खापर एकट्या आहारावर फोडू नये, पण त्याच्या डब्यात मूठभर भाजलेले फुटाणे, शेंगदाणे आणि रोजचं दूध वाढवायला काहीच हरकत नाही.

ओमेगा-३ ची चर्चा नेहमी माशांपासून सुरू होते. शाकाहाऱ्यांना त्याचं वनस्पतीजन्य रूप जवसात मिळतं, आणि जवस तर विदर्भाचाच. जवसाची भाजून कुटलेली चटणी इथल्या घराघरांत असते. अख्खं जवस न पचता बाहेर पडतं, म्हणून कुटलेलंच खावं. मात्र जवसातल्या ओमेगा-३ चं मेंदूला लागणाऱ्या रूपात फार थोडं रूपांतर होतं. ज्यांना ते थेट हवं असेल त्यांच्यासाठी शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, माशाची गरज नाही. पण त्याने नैराश्य टळतं असं समजू नका. अमेरिकेत १८ हजारांवर लोकांना सरासरी पाच वर्षं माशाच्या तेलातलं ओमेगा-३ किंवा ‘ड’ जीवनसत्त्व देऊन पाहिलं. दोन्हींपैकी कशानेच नैराश्य टळलं नाही. चटणी खावी ती चांगली आहे म्हणून.

‘केळं खा, सेरोटोनिन वाढतं’ हेही सर्रास सांगितलं जातं. केळ्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यांत असतं, पण तेही मेंदूत जात नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो.

शाकाहारी म्हणजे चांगलं, असं नाही

आहार बदलून नैराश्य कमी होतं का, याची प्रत्यक्ष चाचणी ऑस्ट्रेलियात झाली. फेलिस जॅका यांच्या गटाने २०१७ साली ती प्रसिद्ध केली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ लोक होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने बारा आठवडे जेवण सुधारायला मदत केली, बाकीच्यांना तितकाच वेळ कुणीतरी सोबत म्हणून भेटत राहिलं. आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातले ८ टक्के. चाचणी लहान होती, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना कळत होतं, तेव्हा आकडा जरा जपूनच घ्यायला हवा. तरीही मला ती फार आशादायक वाटते. त्या आहारात पूर्ण धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा, ऑलिव्हचं तेल, दही होतं. मासे आणि थोडं मांसही होतं. कमी काय केलं? गोड पदार्थ, मैदा, तळलेलं, पाकीटबंद खाणं, शीतपेयं.

आता आपल्या शाकाहाराकडे बघा. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी आलूची भाजी आणि पोळी, चार वाजता समोसा किंवा आलूबोंडा, रात्री खिचडी आणि वर शेव-चिवडा. यात एकही पदार्थ मांसाहारी नाही, आणि मनाला आधार देईल असंही फार काही नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाट्याचे चिप्स आणि पुन्हा चहा. श्रद्धेने केलेल्या उपवासाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण ज्याला नैराश्याची औषधं चालू आहेत किंवा आधीच भूक मेली आहे, त्याने कडक उपवास करू नये. करायचाच असेल तर भगर, दाण्याची आमटी, दही, फळं यांवर करावा. उलट ज्वारीची भाकर, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, झुणका, वाटीभर दही, जवसाची चटणी, कांदा आणि शेवटी संत्रं, हे वऱ्हाडी-नागपुरी ताट ऑस्ट्रेलियातल्या त्या आहाराशी बऱ्यापैकी जुळतं. त्यासाठी ऑलिव्हचं तेल विकत आणायची गरज नाही.

अंडं खावं का? हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी एक अंडं म्हणजे अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ आणि सहा ग्रॅम प्रथिनं. ज्यांना चालत नाही त्यांच्यावर ‘तब्येतीसाठी खाच’ असा दबाव आणणं मला चूक वाटतं. श्रद्धेविरुद्ध खाल्ल्याचा सल आधीच खचलेल्या मनाला आणखी पोखरतो, आणि हवी ती गोष्ट गोळीने मिळत असताना त्याची गरजही नसते.

तपासणी आणि उपचार

रक्तातलं बी-१२ मिलिलिटरला दोनशे पिकोग्रॅमच्या (pg/mL) खाली असेल तर साधारणपणे कमतरता मानतात. दोनशे ते तीनशेच्या मधे असेल आणि लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टिनही तपासायला सांगतात. त्याच वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड बघून घेतलेलं बरं, कारण थायरॉइड मंदावलं तरी अगदी अशीच उदासी येते. बी-१२ ची गोळी सुरू करायच्या आधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. आणि बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

गरज दोन मायक्रोग्रॅमची आणि गोळी १५०० ची, हे पाहून लोक बिचकतात. शरीर एका वेळी नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेऊ शकतं, त्यावरच्या मात्रेतला जेमतेम एक टक्का आत झिरपतो, म्हणून मात्रा मोठी ठेवावी लागते. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. कमतरता फार असेल, मुंग्या येत असतील किंवा तोल जात असेल तर इंजेक्शनांचा कोर्स देतात. ताकद काही आठवड्यांत येऊ लागते, मज्जातंतूंना महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर काही दोष तसाच राहतो. आकडा एकदा वर आला की गोळी बंद करून लोक निर्धास्त होतात. ताट तेच असेल तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तिथेच येणार, त्यामुळे कमी मात्रा कायमची ठेवावी लागते.

शाकाहाऱ्यांच्या मनात एक रास्त शंका असते: हे औषध कशापासून बनतं? औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या आंबवणातून तयार करतात, प्राण्यापासून नाही. कॅप्सूलचं कवच मात्र अनेकदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं. साधी गोळी किंवा जिभेखाली विरघळणारी गोळी मागा.

आता सगळ्यात काळजीचा भाग. बी-१२ कमी निघालं, गोळी सुरू झाली, म्हणजे नैराश्यावर इलाज झाला, असं मानू नका. कराचीत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, बी-१२ जेमतेम असलेल्या नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला बी-१२ ची इंजेक्शनं दिली, तेव्हा नुसत्या औषधांपेक्षा जास्त फरक दिसला. जोडीला दिली, हे लक्षात घ्या. ज्यांना कमतरताच नाही त्यांचं नैराश्य बी-१२ ने हटत नाही. नैराश्यामागे बेरोजगारी असते, कर्ज असतं, घरातली मारहाण असते, आनुवंशिकता असते, बाळंतपण असतं. तिथे समुपदेशन लागतं, औषधं लागतात. अंथरुणातून उठू न शकणाऱ्या मुलीला ‘नीट जेवत जा, सगळं ठीक होईल’ असं सांगणं फार निष्ठुर आहे. आणि तिला वर्षभर नैराश्याच्या गोळ्या देऊन एकदाही बी-१२ न तपासणं हा निष्काळजीपणा आहे. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे घडतात, दोन्ही थांबायला हव्यात. चालू असलेली औषधं रक्ताचा रिपोर्ट पाहून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, शिवाय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक इथेच आहे. तिथे गेलं म्हणजे भरती व्हावंच लागतं असं नाही, बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी येता येतं. घरून बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक कुठल्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा, आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नका.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपण शाकाहारी आहोत एवढंच सांगून थांबू नका. दिवसाला दूध किती, दही किती, चहा किती आणि कधी, आठवड्यात उपवास किती, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी किती वर्षांपासून, हातापायांना मुंग्या येतात का, हे सगळं चिठ्ठीवर लिहून न्या. मन जड असताना समोर बसल्यावर यातलं निम्मं आठवत नाही.